सरांची मेंढरं, आप्पांची पोर

सरांची बायको फिलोमिनाआंटी कधी फोनवर बोलत नाही. तिचा आपला मिस कॉल. तो आला की समजायचं, सर घरातून ग्राउंडकडे निघालेत, पोरींना रांगेत उभं कर. हातात मोबाइल आले तेव्हापासून हे असंच चालत आलं होतं. गणपतीनंतरच्या त्या दुपारी मात्र फोन वाजला आणि वाजतच राहिला. मी उचलला नाही. आता कट होईल, मग कट होईल म्हणून नुसता हातात धरून उभी राहिले, आणि तो कट होईना. शेवटी उचलला. आंटी म्हणाली, "छबू, ये गं. सर गेले." जेवून ओट्यावरच्या आरामखुर्चीत पडले होते. चहाला उठवायला गेली तर उठले नाहीत. एवढंच.

माणूस गेल्याचं कळलं की आधी रडू येतं म्हणतात. माझ्या मनात आधी काय आलं ते सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय सर माझे कोण होते हे मला सांगता यायचं नाही. मनात आलं, आता दिवाळी झाली की आप्पा, म्हणजे माझे वडील, घाट उतरून येतील आणि सरांची मेंढरं परत करतील. आणि मेंढरं परत केली की मला घेऊन जातील. सरांचं मेंढरू वडिलांच्या कळपात आणि वडिलांची पोर सरांच्या टीममध्ये, अशा बोलीवर मी वसईत राहिलेली. आता मी काही कुणी उचलून न्यावं अशा वयाची नाही. पापडीच्या ग्राउंडवर रोज संध्याकाळी मुली मला 'टीचर' म्हणतात. तरी पण ती भीती सरांना मातीत ठेवून आलो तरी गेली नाही.

आम्ही पारनेरकडचे धनगर. मेंढरं, घोडी, कोंबड्या, भांडीकुंडी आणि माणसं मिळून जो चालता संसार असतो त्याला आमच्यात वाडा म्हणतात. पावसाळ्यात हा वाडा घरी, आणि भात कापणी झाली की खाली कोकणात. आमचा वाडा वसईच्या पूर्वेला चांदीपला यायचा. तिथले शेतकरी कापलेल्या शेतात खतासाठी मेंढरं बसवून घ्यायचे आणि बदल्यात भात द्यायचे. शिमगा आला की परत वर. अशा फिरतीत शाळा कशी होणार? पावसाळ्यापुरती व्हायची ती पाचवीत सुटली. माझी मावशी विरारला मनवेलपाड्यात चाळीत राहायची, स्टेशनबाहेर गजरे विकायची. तिला हाताखाली माणूस हवं होतं आणि आमच्या वाड्यावर खाणारं एक तोंड कमी झालेलं हवं होतं. आईने मला तिच्याकडे ठेवलं आणि वाडा घाट चढून गेला. पहिल्या वर्षी मी रोज पूर्वेकडे बघायचे. बिल्डिंगी दिसायच्या.

त्यातून माझी उंची. चौदा-पंधराव्या वर्षी मी आप्पांच्या पटक्यावरून पलीकडचं बघायला लागले होते. चाळीतल्या बायका म्हणायच्या, "टाकीत पाणी किती राहिलंय गं छबू, जरा डोकावून सांग. शिडी कशाला आणायची?" मावशीला माझ्या लग्नाची काळजी, मला सगळ्याचीच. रस्ता ओलांडायची भीती, बसमध्ये तिकीट मागायची भीती, कुणी काही विचारलं तर उत्तर द्यायची भीती. मी वाकून चालायचे, म्हणजे कमी दिसेन.

वसईजवळ पापडीला आंटीची वाडी. पुढे घर, मागे केळी, पानवेली आणि सोनचाफ्याची झाडं. मावशी तिथून फुलं घ्यायची. एका सकाळी फांदी ओढायची आकडी सापडेना म्हणून मी हात वर करून वरच्या फांदीची फुलं तोडत होते. वळून बघते तर ओट्यावर हा एवढा मोठा गोरा माणूस, एका हातात सुका बोंबील, दुसऱ्या हातात लोण्याची वाटी. बोंबील दगडावर कुटायचा, लोण्याला लावायचा आणि खायचा. त्यांच्या गावी मासे असेच वाऱ्यावर वाळवतात आणि असेच खातात, हे मला पुढे कळलं. त्या दिवशी वाटलं, हा माणूस वेडा आहे. तो उठला, लंगडत जवळ आला आणि मला विचारलं, "तू कोनाची?"

नाव नाही विचारलं. कोनाची, एवढंच. भीतीने मला बापाचं नावही आठवेना. मी म्हणाले, "मावशीची." आंटी आतून इतकी हसली की तिच्या हातातल्या सुपातले तांदूळ सांडले.

सरांचं नाव एइनार. पापडीत ते एनार सर झाले. आडनाव नाहीच. बापाच्या नावापुढे 'चा मुलगा' असं लावायचं की झालं, ही त्यांच्या आइसलँडची रीत. त्यांची मराठी सासूकडून शिकलेली, म्हणजे वाडीतल्या म्हातारीची जुनी बोली. त्या बोलीत ते राहिले ते राहिलेच. 'तुम्ही' त्यांना माहीतच नव्हतं. सगळ्यांना 'तू'. चर्चमधल्या फादरनासुद्धा, "फादर, तू जेवला?" फादर सांगायचे, "जेवलो रे बाबा." गावाला सवय झाली होती.

ते वाढले मेंढरांत. समुद्राच्या एका खाडीवर कोळ्यांचं गाव, त्याच्या वरच्या अंगाला डोंगरउतारावर बापाची मेंढरं. हिवाळ्यात सूर्य जेमतेम डोकं वर काढून बुडायचा, म्हणून मुलं शाळेच्या हॉलमध्ये दिव्याखाली बास्केटबॉल खेळायची. दुसरं करायला काही नव्हतंच, असं ते म्हणायचे. गावात सगळ्यांत उंच ते. गावच्या क्लबकडून खेळले, मग मोठ्या शहराच्या, मग काही वेळा देशाकडूनही. तेव्हाचा एक फोटो आंटीच्या कपाटात आहे. त्यात सर हसत नाहीयेत, कुठल्याच फोटोत हसत नाहीत. मग गुडघा गेला. खेळ सुटला तसे त्याच गावी परत येऊन कोच झाले. मासळीच्या कारखान्यात काम करणाऱ्या बायकांची टीम. पाळी संपली की हातांना मासळीचा वास घेऊन त्या खेळायला यायच्या, आणि दोन-तीन वर्षांत त्यांनी शहरातल्या क्लबांना घाम फोडला. त्या नावावर आखातातल्या एका क्लबाने त्यांना बोलावलं. तिथे गुडघा पुन्हा बोलायला लागला, आणि इस्पितळात नर्स होती पापडीची फिलोमिना. आंटी सांगायची, "एवढा मोठा गडी, पण सुई बघितली की डोळे मिटायचा. मला दया आली, दुसरं काय!" लग्न झालं. आंटीची आई अंथरुणाला खिळली म्हणून एका वर्षासाठी पापडीला आले. म्हातारी पुढे बरीच वर्षं जगली आणि सर इथलेच झाले.

चर्चच्या मागे सिमेंटचं कोर्ट होतं. लग्नसराईत मांडववाले तिथे बांबूसाठी भोकं पाडायचे, मग सर स्वतः घमेलं घेऊन ती बुजवायचे आणि मांडववाल्याला 'तू, तू' करून शिव्या द्यायचे. तिथे वाडीतल्या आठ-दहा मुली घेऊन त्यांनी सुरुवात केली आणि त्यांत मला ओढलं. फुलं पोहोचवून झाली की यायचं, दुपारी मावशीकडे परत. मावशीला आंटीने पटवलं. कसं ते मला माहीत नाही, पण त्या महिन्यापासून चाफा थोडा जास्त मिळायला लागला.

सर शाबासकी देत नसत. त्यांचा शब्द एकच, "परत." बास्केट पडलं, परत. नाही पडलं, परत. पण एक प्रश्न ते फार विचारायचे. खेळ चालू असताना मध्येच शिट्टी मारायचे, बॉल दिलेल्या मुलीकडे बोट करायचे आणि म्हणायचे, "पास की भीती?" म्हणजे तू बॉल दिलास तो तिला मोकळी जागा होती म्हणून, की तुझ्याकडे नको म्हणून? बाकीच्या मुली हसायच्या, कधी भांडायच्या. मी रडायचे. माझा प्रत्येक पास भीतीचा असायचा आणि ते त्यांना दर वेळी कळायचं. मला वाटायचं, आपल्यालाच का धारेवर धरतात. मग एकदा पाऊस लागून चर्चच्या पडवीत अडकलो असताना त्यांनी सांगितलं. त्यांच्या तरुणपणी एका मोठ्या मॅचच्या शेवटी बॉल त्यांच्या हातात होता, समोर कुणी नव्हतं. त्यांनी तो बाजूच्याला दिला. त्याचा चुकला. "चांगला पास होता," सर म्हणाले, "म्हनून मला कोनी बोललं नाय. आजपर्यंत नाय बोललं." मग गुडघा चोळत बराच वेळ पावसाकडे बघत राहिले. त्यांनाही भीती वाटते हे मला तेव्हा कळलं. मॅचच्या सकाळी ते काही खात नसत, नळावर जाऊन पुन्हा पुन्हा हात धूत, तेही मग दिसायला लागलं. माझी भीती काही गेली नाही. पण ती लपवायचं काम कमी झालं.

दुसऱ्या का तिसऱ्या वर्षी वाडा चांदीपला उतरला आणि आप्पा मावशीकडे आले. चहा पिऊन म्हणाले, "औंदा शिमग्याला वर जाताना छबूला न्यायची. पोरगं बघून ठेवलंय. उंच हाय." मावशी म्हणाली, "बरं झालं." मी कप विसळायला घेतले. मला मुलगा नको होता असंही नाही, मला त्याच्याबद्दल काही माहीतच नव्हतं. मला ते कोर्ट सोडायचं नव्हतं. जगात ती एकच जागा होती जिथे मी ताठ उभी राहायचे. दुसऱ्या दिवशी चाफ्याखाली मी आंटीजवळ रडले. ओट्यावरून सर म्हणाले, "बापाला भेटू."

आंटीला म्हातारीपाशी थांबणं भाग होतं. सर आणि मी रिक्षाने चांदीपला गेलो. वाटभर मी मनात वाक्यं जुळवत होते, आप्पांना आधी काय सांगायचं, मग काय. रिक्षा बांधाशी थांबते न थांबते तोच आईने हाक मारली, "पावणं आल्यात, च्या टाक!" आणि मी चुलीकडे गेले. चूल राहिली एकीकडे, पुरुष एकीकडे. आणि तिथून मी बघते तर काय, सर सरळ कळपात शिरलेले. त्यांचा चेहराच बदलला होता. एका पाठीला हात लाव, दुसरीचा जबडा उघडून दात बघ. एका तरण्या मेंढीला हनुवटीखाली हात घालून अशी अलगद धरली की ती हललीसुद्धा नाही. आप्पांची समजूत झाली, पापडीचं गिऱ्हाईक आलंय, लग्नघर असणार. आईला ओरडून सांगितलं, "दर्दी माणूस हाय गं!" आणि त्यांनी उपरण्याचं टोक सरांच्या हातावर टाकलं.

उपरण्याखाली बोटं दाबून भाव करायची आमची रीत. कुठलं बोट, किती बोटं, त्यावर सौदा. बाहेरच्याला काही दिसत नाही, तोंडाने कुणी बोलत नाही. सरांना वाटलं, धनगरांचा हा रामराम असणार. आप्पांनी त्यांची दोन बोटं दाबली. सरांनी आप्पांचा सगळा पंजा धरून जोरजोरात हलवला. एवढा भाव त्या कळपात कुणी कधी दिला नसेल. आप्पा क्षणभर बघतच राहिले, मग मेंढीच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "दिली!" सर म्हणाले, "होय होय." आप्पांनी विचारलं, "नेता कशात, रिक्षात?" सर म्हणाले, "होय." तिकडून रिक्षावाला ओरडला, "ओ, मेंढी नाय हां घेणार मी! सीट कोन धुनार?"

मी चहा तसाच टाकून धावले आणि जुळवलेली सगळी वाक्यं सोडून एका दमात बोलले की आप्पा, हे गिऱ्हाईक नाहीत, माझे सर आहेत, खेळ शिकवतात, मला नेऊ नका म्हणून सांगायला आलेत. आप्पांचा चेहरा उतरला. त्यांना वाटलं, पावण्याने थट्टा केली. सरांना मी कसंबसं समजावलं की तुम्ही मेंढी घेतली. ते लाल झाले. आप्पा म्हणाले, "जाऊ द्या. चुकून झालं." पण सरांनी मान हलवली. "हात दिला. झालं." खिशात होतं ते काढून आप्पांपुढे ठेवलं, उरलेलं नंतर देतो म्हणाले, आणि दिलंही. मग म्हणाले, "माझ्याकडे केळी हायत. मेंढी कुठे ठेवू? तुझ्याकडे राहू दे."

आप्पा तंबाखू मळत म्हणाले, "दुसऱ्याचं जनावर संभाळायचं म्हंजी जोखीम असती, पावणं."

सरांनी माझ्याकडे बोट केलं. "माझ्याकडे पन जोखीम हाय. तुझी पोर. माझी मेंढी तुझ्याकडे, तुझी पोर माझ्याकडे. पुढच्या वर्षी तू दाखव, मी दाखवतो."

"अन् मेंढी मेली तर?"

"तर मेली. माझं नशीब."

"अन् पोरीला काय झालं तर?"

सर बांधावर बसले. मी देवाचं नाव घेत उभी. एखाद्याने म्हटलं असतं, काही होणार नाही, मी जबाबदारी घेतो. सर म्हणाले, "त्याची भीती वाटते. रोज वाटते."

आप्पांनी तंबाखू तोंडात टाकली, थुंकले, आणि आईला म्हणाले, "सुरी आन. खूण घातल्याबगर मेंढरू कुणाचं ते कसं कळनार?" सुरी सरांनी मागून घेतली. त्यांच्या घरीही प्रत्येकाच्या मेंढरांच्या कानाला वेगळी खूण असते, डोंगरावरून शरदात सगळी एकत्र उतरली की कान बघून ज्याची त्याची वेगळी करतात. त्यांच्या बापाची खूण म्हणजे उजव्या कानाचं टोक सरळ छाटलेलं आणि डाव्याला मागून एक लहान खाच. एवढी वर्षं मध्ये गेली होती, तरी सुरी एकदाच फिरली. आईने हळद दाबली. आप्पा मला हळूच म्हणाले, "हाताला सवय हाय. राहा औंदा." औंदा... त्या एका शब्दावर मी वर्ष काढलं. आणि मग प्रत्येक वर्ष.

दर हिवाळ्यात दोघे आपापली ठेव बघायला जायचे. सर चांदीपला जाऊन कान चाचपायचे, मेंढीला कोकरं झाली तर त्यांना खूण घालायचे. आप्पा पापडीला येऊन कोर्टाच्या कडेला घोंगडं टाकून बसायचे. खेळ त्यांना कधी उमगला नाही. "पोरी जीव खाऊन जाळ्यात टाकत्यात, अन् त्ये खालनं पडतंय. तळ शिवून घ्या की कुणीतरी!" पण मी दोन्ही हात वर करून उडी मारली की ते बाजूच्याला सांगायचे, "माझी हाय." आम्ही मुंबईच्या स्पर्धांत खेळलो, हरलो, मग जिंकायला लागलो. सगळं जिंकलो असं नाही. सरांच्या मुलींतल्या काही रेल्वेत लागल्या, बँकेत लागल्या. माझं पाचवीपर्यंतचंच शिक्षण आडवं आलं. त्याचं सरांना माझ्यापेक्षा जास्त लागलं. मग त्यांनी लहान मुलींची तुकडी माझ्या हाती दिली आणि चर्चच्या शाळेला सांगितलं, "ही शिकवते. मी बघतो." शाळेने मानलं.

एका वर्षी मात्र माझा घोटा मोडला. प्लास्टर. आणि वाडा उतरायचे दिवस. सरांनी जेवण सोडलं. आंटीला म्हणाले, आप्पांना सांग छबू मुंबईला गेलीय. आंटी म्हणाली, "खोटं बोलायला मला सांगतो! मी कन्फेशनला काय सांगू?" मग ठरलं की मी खुर्चीत बसायचं, पायावर चादर घालून, आणि उठायचंच नाही. आप्पा आले. पण आप्पाही रोजचे नव्हते. चहा घेईनात, कुणाकडे बघेनात. सरांना वाटलं, कळलं यांना. शेवटी आप्पांनी कमरेची चंची सोडली आणि फडक्यात बांधलेलं काहीतरी सरांपुढे ठेवलं. वाळलेले दोन कान होते. एकाचं टोक छाटलेलं, एकाला खाच. दुसऱ्याचं जनावर मेलं तर मालकाला त्याचे कान आणून दाखवायचे, विकून खाल्लं नाही म्हणून. "घाटात ट्रक आला," आप्पा म्हणाले. "तुमची जुनी मेंढी. म्या वर्षभर रस्त्याच्या आतल्या अंगाला ठेवली व्हती वो..." सर उठले आणि माझ्या पायावरची चादर बाजूला केली. आप्पांनी प्लास्टर बघितलं. सरांकडे बघितलं. दोघांनी एकमेकांकडे असं बघितलं की मी मरते की काय असं मला झालं. मग आंटीच्या हसण्याचा आवाज आला. ती दारात पदर तोंडावर धरून हसत होती, आणि मग आप्पा, आणि फोटोत कधी न हसलेले सर असे हसले की त्यांना खोकला लागला. मी मात्र त्या रात्री झोपले नाही. मला वाटलं, बोली फिटली. पण दोघांपैकी कुणीच तसं म्हणालं नाही. त्या मेंढीच्या लेकी कळपात होत्या, आणि माझा घोटा जुळला.

मागच्या दोन वर्षांत सरांना कोर्टापर्यंत चालणं जड जायचं, तरी यायचे. शेवटचे आले त्या संध्याकाळी मी एका छोट्या मुलीला ओरडत होते, की अगं स्वतः टाक, देतेस कशाला. ते खुर्चीतून म्हणाले, "छबू, ती मोकळी होती. पास होता." मी त्या मुलीला सॉरी म्हटलं. हे त्यांचं मला शेवटचं शिकवणं. सर आंटीच्या पंथाचे नव्हते, पण फादरनी काही विचारलं नाही. चर्चमध्ये मिस्साची प्रार्थना झाली आणि पापडीच्या मातीत त्यांना जागा मिळाली.

दिवाळी झाली. वाडा चांदीपला उतरल्याचं कळलं. दर वर्षी पहिल्या दिवशी धावत जाणारी मी, या वर्षी गेले नाही. आप्पाही आले नाहीत. मावशी म्हणाली, "बाप हाय तुझा, वाघ नव्हं." मला वाघ परवडला असता. मग गेल्या रविवारी आंटी मिस्साहून आल्यावर तिच्याकडे बसले होते तर फाटकाशी टेम्पो थांबला. आप्पा उतरले, धुतलेला पांढरा पटका. टेम्पोत मेंढरं. दिसली तेवढ्यांच्या उजव्या कानाचं टोक नव्हतं.

आप्पा खुर्चीवर बसले नाहीत, ओट्याच्या पायरीवर बसले. "बाई, पावण्यांची ठेव आनलीय."

आंटी कठड्याला धरून मेंढरांकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते तिने पुसलं आणि म्हणाली, "आप्पा, माझी केळी यांना चारू काय? आणि या वयात मी यांच्या मागे पळू?"

"मग इकून पैसं आनून देतो."

"नको. काय करू मी पैसे?"

"मग कुणाची म्हनून संभाळू?" आप्पा म्हणाले. "खूण हाय तर मालक पायजे. बिगर मालकाचं जनावर म्या ठेवत न्हाय."

आंटीने माझ्याकडे बघितलं नाही, आप्पांनीही नाही. मी म्हणू शकत होते, आंटी ठरवेल. म्हणू शकत होते, चर्चला द्या. दोन्ही बरं दिसलं असतं.

"माझी," मी म्हणाले.

आप्पांनी मान वर केली. "तुझी?"

"हो. तुमच्याकडेच राहू देत, सरांची राहायची तशी."

ते पायरीवरची माती नखाने टोकरायला लागले. मग म्हणाले, "पावणं दर सालाला बघाया येत व्हते. मालकीन येनार का?"

"येईन."

"अन् तुला बघाया म्या कुठं यायचं?"

हेच मला हवं होतं आणि याचीच मला भीती होती. "इथेच, आप्पा. ग्राउंडवर."

आप्पा उठले. टेम्पोत चढले, मेंढरांच्या पायांतून एक कोकरू काढून माझ्या मांडीवर आणून ठेवलं. त्याचे दोन्ही कान अजून अख्खे होते. आप्पांनी सुरी मुठीकडून माझ्यापुढे धरली. मी सरांना कितीदा बघितलं होतं, पण हात माझा होता. टोक छाटलं गेलं. डाव्या कानाची खाच जराशी वाकडी आली. आंटीने आतून हळद आणून दाबली. आप्पांनी कोकराचा कान दोन बोटांत धरून उजेडाकडे फिरवून बघितला.

"पावण्यांची सरळ असायची," ते म्हणाले.

"हो."

"असू दे. वळखू येती."